गाडीत राहिलं होतं

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. दर वर्धापनदिनाच्या आधी संस्थेचे कार्यकर्ते घरी यायचे, "सर, सुरुवातीच्या आठवणी लिहून द्या की" म्हणायचे, आणि मी कधी डोळ्यांचं ऑपरेशन पुढे करायचो, कधी बायकोचं दुखणं. शेवटी तेच काहीबाही लिहून स्मरणिकेत घालायचे आणि वर माझा फोटो छापायचे. फोटोखाली 'संस्थापक'.

ते खरं नाही. संस्था मी काढली नाही. ज्यांनी काढली ते सिटी बसचे कंडक्टर होते, आणि आमच्या वस्तीतली निम्मी माणसं आजही त्यांना चोर समजतात. ते चोर नव्हते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात धजेल.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना स्वतःलाच ते आवडत नसे. कुणी विचारलं तर "रेशनकार्डावर हाय, तितं बघा" म्हणायचे. सगळे कंडक्टरच म्हणत. मुसलमानांची पोरं चाचा म्हणत, तेलुगू विणकरांची मामा, आणि ते दोन्हीला ओ द्यायचे. मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, रागावले की दोन्हींची भेळ. केसांना खोबरेल चोपडून मधोमध भांग. नोकरी संपली तरी खाकी कोट अंगावर, आणि कोटावर पितळी बिल्ला, जो त्यांनी खरं म्हणजे जमा करायला हवा होता. त्याबद्दल बोललं की "हरवला म्हनून लिवून दिलंय" असं म्हणत त्याच बिल्ल्यावर फुंकर मारून तो बाहीनं पुसायचे. एका खिशात शिट्टी, दुसऱ्यात कडक भाकरीचे तुकडे आणि कागदात बांधलेली शेंगाचटणी. स्वतः कुणाकडे जेवत नसत, पण त्यांनी काढून दिलेला भाकरीचा तुकडा समोरच्यानं खाल्लाच पाहिजे. तोंडात दात नसलेल्या म्हाताऱ्यांनाही त्यातून सूट नव्हती.

बंद पडलेल्या गिरणीच्या मागं एका भंगारवाल्याचं आवार होतं. तिथं मोडीत निघालेल्या बसचा सांगाडा पडून होता. चाकं नाहीत, इंजीन नाही, काचा नाहीत. पत्रा आणि बाकं तेवढी शाबूत. कंडक्टर सांगायचे, नोकरीतली निम्मी वर्षं याच गाडीवर काढली. असेलही, नसेलही, थापा मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. भंगारवाल्याला त्यांनी काय पढवलं कोण जाणे, त्यानं तो सांगाडा तोडला नाही. कंडक्टर रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसू लागले आणि हळूहळू पोरं येऊ लागली.

ही पोरं म्हणजे आम्ही शाळामास्तरांनी नाद सोडलेली. बापाचं मागावरचं काम गेलेलं, आई दिवसभर विड्या वळणारी. कुणाच्या रुमालाला व्हाइटनरचा वास, कुणी मटक्याच्या चिठ्ठ्या पोचवणारा, एखाददुसरा गर्दीत हात मारणारा. पोलीस दिसला की पळत तशीच शिक्षक दिसला की पळत. कंडक्टर दिसले की मात्र दारात घोटाळत.

"दारात थांबू नका, आत या. फुडं सरका की, फुडं लई जागा हाय!" ते ओरडायचे. सगळा सांगाडा रिकामा असला तरी हेच.

आत आलेल्याला ते नाव विचारत नसत. जात, शाळा, बाप, काही नाही. दोनच प्रश्न. कुटं बसला आणि कुटं उतरनार. एका पोरानं, व्यंकटेश त्याचं नाव, पहिल्या दिवशी छाती काढून उत्तर दिलं होतं, "जेल!"

कंडक्टरांनी कोटातून नसलेलं तिकीट काढल्यासारखं केलं, मग मान हलवली. "ती गाडी आज बंद हाय. दुसरं सांग."

"मग... माहीत नाही."

"मग बस तवर. आटवलं की सांग."

तो व्यंकटेश आज शहरात टॉवेलचे चार माग चालवतो. त्याला आठवायला बरीच वर्षं लागली, पण तोवर तो बसून होता, हे महत्त्वाचं.

मी त्या डब्यात गेलो तो योगायोगानंच. डबा हेच त्या सांगाड्याचं नाव पडलं होतं. माझी सायकल चोरीला गेली. आठवड्यानं कंडक्टर ती ढकलत माझ्या दारात आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमची सायकल गाडीत राहिली हुती."

"सायकल? बसमध्ये?"

"राहत्याती. लोकांचं ध्यान नस्तंय."

कुतूहलानं मी डब्यात जाऊ लागलो तेव्हा मला ही रीत कळली. रोज संध्याकाळी सगळी जमली की ते ड्रायव्हरच्या जागेजवळ उभे राहायचे आणि सहज विचारल्यासारखं विचारायचे, "गाडीत कुनाचं काय राहिलेलं घावलंय का?" मग पाठ फिरवून बाहेर गिरणीच्या चिमणीकडे बघत राहायचे. ज्याच्याकडे काही असेल त्यानं ते मागच्या बाकावर ठेवायचं. स्वतः शिट्टी वाजवल्याशिवाय ते वळत नसत. मग त्या वस्तू घेऊन ज्याच्या त्याच्या घरी. घड्याळं, छत्र्या, एकदा कुकर. एकदा तर शेळी.

शेळी परत करताना मी बरोबर होतो. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माजी शेळी कवा गेलती ओ बसनं?"

"तिकीट न काडता बसली हुती," कंडक्टर म्हणाले. "लहान हाय म्हनून सोडली."

ती बाई हसली आणि पोलिसांत गेली नाही. बहुतेक कुणीच गेलं नाही. सगळ्यांना खरं काय ते कळत होतं. पण 'राहिलं होतं' म्हटल्यावर वस्तूही परत मिळायची आणि कुणाचं पोर चोरही ठरत नसे. मी एकदा विचारलं की चोरी केली हे पोराच्या तोंडून वदवायला नको का? ते म्हणाले, "त्याला म्हाईत हाय की. आनि मी पाट फिरवली हे बी त्याला म्हाईत हाय. तेवडं बास."

बसमध्ये एक घंटा होती, मागपर्यंत सुतळी ओढलेली. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. सगळे बसले की ते दोन टोले द्यायचे. गाडी काही हलत नसे; पण पोरं अशी गप्प व्हायची की जणू वारा लागायला लागलाय. त्यानंतर मी शिकवायचो. लिहिणं, वाचणं, हिशेब.

नियम एकच होता आणि तो त्यांचा होता. "आपून कुनाला मदीच उतरवायचं न्हाय. त्यानं सोता म्हनलं, मी उतरतो, तरच घंटी." एका पोरानं दुसऱ्याला कात्री मारली तेव्हा मी हटून बसलो की याला काढा. कंडक्टरांनी ऐकलं नाही. एकदा मात्र त्यांनी स्वतः रागाच्या भरात एकाच्या मुस्काटात मारली. मग सुतळी ओढून एक टोला दिला, "मी उतरलो" म्हणाले, आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर एका दगडावर बसून राहिले. ज्यानं मार खाल्ला त्यानंच त्यांना हाताला धरून आत आणलं. अशा माणसाबरोबर काम करणं सोपं नव्हतं. वेळापत्रक नाही, हजेरी नाही, बैठक लावावी तर हे भाकरी वाटत बसायचे. मी रीतसर नोंदणी करून संस्थेला लांबलचक संस्कृत नाव दिलं, तेव्हा पाटीकडे बघून म्हणाले, "बोर्ड लई लांब झाला गुरुजी. ह्या गाडीवर मावंना."

पोरं हसली. मी हसलो नाही.

आता इम्मूबद्दल सांगायला हवं. इम्तियाज. दहा-अकरा वर्षांचा, बडबड्या, दखनी बोलणारा. मी त्याला 'काल', 'परवा' शिकवत होतो. तो म्हणाला, "सर, परसों मेरे नाना मर गये."

मी दचकलो. "परवा? अरे, मग आज आलास कशाला?"

"नै सर, परसों. मैं पैदा बी नै हुआ था तब."

सगळा डबा हसला. सोलापुरातल्या दखनीत कित्येकजण परसों म्हणतात ते गेलेल्या कुठल्याही दिवसाला. गेल्या आठवड्याचाही परसोंच आणि आजोबांच्या लग्नाचाही परसोंच. मी इम्मूला नीट सांगू लागलो की परसों म्हणजे कालच्या आधीचा एकच दिवस, तर कंडक्टर मागच्या बाकावरून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. तुमच्या मराटीतलं परवा काय लई सरळ हाय? परवा परवा म्हनता आनि गोष्ट सांगता दहा वर्सामागची."

त्यावर मी हसलो. हे मुद्दाम लिहितो आहे. मला तो शब्द कळत होता.

पुढं पुण्याची काही मंडळी मदतीला आली. त्यांच्या प्रमुख बाई, मॅडमच म्हणू, मनानं चांगल्या होत्या. त्या संस्थेला पक्की इमारत बांधून देणार होत्या. वर्ग, ग्रंथालय, शिवणयंत्रं. मला झोप लागेना. उभा जन्म मी गळक्या वर्गांत शिकवलं होतं. अट एवढीच होती की कारभार शिस्तीचा हवा. मॅडमनी कंडक्टरांना विचारलं, "आतापर्यंत किती मुलं सुधारली?"

"सुदारली म्हंजे?" कंडक्टर म्हणाले. "पोरगं म्हंजे काय सायकल हाय का, दुरुस्त झाली म्हनून सांगायला?"

मॅडम हसल्या, पण त्यांच्याबरोबरच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ होता, यांना आवरा. मला तो अर्थ आवडला, हेही आज कबूल करतो. पोरं त्यांना चाचा, मामा म्हणत आणि मला सर. मी शिकवत होतो, अर्ज लिहीत होतो, कचेऱ्यांत खेटे घालत होतो, आणि वस्तीत संस्था त्यांची म्हणून ओळखली जात होती.

त्याच भेटीत मॅडमचा मोबाईल नाहीसा झाला. तेव्हा मोबाईल ही चैनीची वस्तू होती. त्या दिवशी मॅडमच्या गाडीतून त्यांची बॅग इम्मूनं उचलून आणली होती. तिसऱ्या दिवशी ती मंडळी परत डब्यात आली. गंभीर चेहरे. राहिलेल्या वस्तूंची ती रीत मीच त्यांना कौतुकानं सांगितली होती. मॅडमनी इम्मूला जवळ बोलावलं आणि घाबरू नको म्हणण्याच्याच सुरात हिंदीत विचारलं, "बेटा, तूने कभी किसी की चीज़ चाचा को लाकर दी है?"

"हौ," इम्मू म्हणाला. अभिमानानं. डब्यात खोटं बोलायचं नसतं हे त्याला शिकवलेलं होतं. "दिया ना."

"कब?"

"परसों."

तो गड्ड्याच्या यात्रेतल्या एका घड्याळाबद्दल बोलत होता. ते घड्याळ त्यानं उचललं, मागच्या बाकावर ठेवलं, आणि कंडक्टर ते परत करायला गेले तेव्हा मीही बरोबर गेलो होतो. त्याला कित्येक महिने झाले होते. पण मॅडम आल्या होत्या तो दिवस नेमका परवाचा.

कंडक्टर हसले. "म्याडम, हितलं परसों लई लांबचं अस्तंय. तुमच्यावानी न्हाय..."

"एक मिनिट," बरोबरचे गृहस्थ म्हणाले. "सरांना विचारू. सर, तुम्ही शिक्षक आहात. परसों म्हणजे परवाच ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. इम्मू बघत होता. कंडक्टर तर निर्धास्त होते. खिशात हात घालून भाकरी चाचपत होते.

"परवाच," मी म्हणालो.

एकच शब्द. नंतर कित्येक दिवस मी मनाशी घोळवत राहिलो की यात खोटं काय? मराठीतही परवा म्हणजे कुठलाही दिवस असतोच की. कंडक्टरच म्हणाले होते. त्यांच्याच वाक्याच्या आड मी लपलो.

पोलीसचौकीचं नाव निघालं. इम्मूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कंडक्टरांचा हात खिशातून बाहेर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, एखादा ओळखीचा प्रवासी तिकीट न काढता बसलेला दिसावा तसं. मग म्हणाले, "साकु." कानडीत पुरे झालं.

"पोरानं दिला न्हाय. मीच उचलला. पोराला यातलं काय बी म्हाईत न्हाय."

"कुठे आहे?"

"इकला."

"मामा, काय बोलताय!" व्यंकटेश ओरडला.

त्यांनी सुतळी ओढली. एक टोला. "मी उतरतो," म्हणाले, कोटाची बटणं लावली, आणि पायरीवरून खाली उतरून आवाराबाहेर गेले. कबुली मिळाली म्हणून पोराला सोडलं आणि मॅडमनी पुढं काही केलं नाही. इम्मू रडत मला विचारत होता, "सर, चाचा ने कायकू लिया?" मी त्याच्या पाठीवर हात फिरवला. त्या हाताची मला आजही लाज वाटते.

आठवड्याभरानं पुण्याहून फोन आला. मॅडमचा आवाज ओशाळलेला. "सर, मोबाईल सापडला. सीटच्या खाली सरकला होता. गाडीतच राहिला होता."

अक्षरशः तेच शब्द. त्या पुढं म्हणाल्या, "बिचाऱ्यांनी त्या मुलासाठी अंगावर घेतलं असणार. तुम्ही त्यांना सांगाल ना? माफी मागा माझ्या वतीनं. परत बोलवा."

"हो, सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. आज उद्या करत राहिलो. त्यांना परत आणायचं तर पोरांना सगळं सांगावं लागलं असतं, आणि सगळ्यात तो एक शब्दही आला असता. तोवर कंडक्टर शहर सोडून मैंदर्गीला पुतण्याकडे गेले होते. मॅडमनी पुढं विचारलं तेव्हा म्हणालो, ते आता यायचे नाहीत. इमारत झाली. डबा भंगारवाल्यानं तोडला. इमारतीत आज शेकडो मुलं येतात, शिकतात, कामाला लागतात. तिथं चांगलंच काम होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथं कुणी पाठ फिरवून उभं राहत नाही. हल्ली दारावर कॅमेरा आहे.

मागच्या कार्यक्रमात इम्मूनं भाषण केलं. आता त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, दोन मुलं आहेत. म्हणाला, "चाचा चुकले, पण सरांनी आम्हाला सोडलं नाही." टाळ्या पडल्या. इम्मू, हे तुझ्यासाठी लिहितो आहे. चाचा चुकले नव्हते. तूही नाही.

एकदा, मी निवृत्त झाल्यावर, मैंदर्गीला गेलो होतो. अक्कलकोटला गाडी बदलली आणि तिथपासून काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. शोधावं लागलं नाही. स्टँडवरच होते. कोट विटलेला, बिल्ला चकचकीत. कुणी न सांगता लोकांना गाडीत चढवत होते. "फुडं सरका की ओ अक्का, फुडं जागा हाय!"

मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "येनप्पा, काय म्हनता गुरुजी! बसा, बसा." भाकरीचा तुकडा निघाला. मी खाल्ला. व्यंकटेशचं विचारलं, इम्मूचं विचारलं. "लगीन झालं? मोबाईल दुरुस्त करतोय?" आणि पोट धरून हसले. "मोबाईल! बगा की!" त्या हसण्यात काटा नव्हता. मी शोधला, नव्हता.

स्टँडवर एक म्हातारी हरभऱ्याची गाठोडी मोजत होती. कंडक्टर उठले, कोट सारखा केला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "गुरुजी, गाडीत कुनाचं काय राहिलेलं घावलंय का?"

आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मी त्या पाठीकडे बघत बसलो. कोटाची शिवण खांद्यावर उसवली होती. ते वळले नाहीत. घाई नव्हती त्यांना; पोरांसाठी थांबायचे तेवढेच, कदाचित जास्तच थांबले. अक्कलकोटची गाडी आली, माणसं उठली.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी शिट्टी वाजवली. मला हाताला धरून गाडीत चढवलं, खिडकीची जागा मिळवून दिली, आणि खाली उतरून पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारल्या. चला. त्यानंतर वर्षभरात ते गेल्याचं कळलं.

अक्कलकोटपासून जुळवत आणलेलं ते वाक्य गाडी सुटली तेव्हाही माझ्या तोंडात तसंच होतं: कंडक्टर, परसों म्हणजे परवा नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं, मला माफ करा.